वहिनींच्या डब्याने ही गाठ आणलेली नाही

पत्र: माझा धाकटा भाऊ, वय ४७, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. दोन महिन्यांपूर्वी कामावर असतानाच त्याला फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली. ऑपरेशन झालं आणि रिपोर्ट आला, ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. येत्या सोमवारपासून सहा आठवडे लाईट (रेडिएशन) आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू होतील. फिटसाठी एप्टॉइन चालू आहे. ओळखीच्या एका बाईंनी ‘अँटिऑक्सिडंटचा कोर्स’ आणून दिला. त्यात व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि पायपरीन घातलेलं कर्क्युमिन आहे. महिन्याला ४,२०० रुपये. अंगात अँटिऑक्सिडंट कमी पडली की मेंदूत गाठ होते, असं त्या म्हणाल्या. ते आईने ऐकलं, आणि तेव्हापासून ती वहिनीला बोलते की एवढी वर्षं डब्यात बटाटा-भात दिलास, पालेभाजी नाही, फळ नाही, म्हणून हे झालं. वहिनी उलटून बोलत नाही. नीट जेवतही नाही. खरंच खाण्यामुळे झालं का? कोर्स द्यावा का? मी (वय ५१) आणि माझ्या दोन मुलांनीही घ्यावा का?
एक बहीण, कोल्हापूर

ताई,

त्या कोर्सच्या खोक्याचं सील अजून तोडलं नसेल तर तोडू नका. का, ते पुढे लिहिते. आधी वहिनींबद्दल, कारण पत्रातल्या त्या ओळींपाशी मी बराच वेळ थांबले होते.

मी आहारतज्ज्ञ आहे. कॅन्सरच्या पेशंटांचं खाणंपिणं बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. घरात हा आजार शिरला की सगळे कारण शोधू लागतात, आणि शोधता शोधता स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबतात. पुरुष आजारी पडला तर बायकोने काय खाऊ घातलं, आणि बाई आजारी पडली तर तिनेच काय खाल्लं. हे इतक्या वेळा पाहिलंय की पेशंटच्या आहाराची माहिती घेताना मी आता त्याच्या बायकोकडे बघून प्रश्न विचारत नाही. तिला तो आरोप वाटतो. माझा सगळा पेशा अन्नावर उभा आहे. तरीही सरळ लिहिते: वहिनींनी डब्यात काय दिलं आणि काय दिलं नाही, यामुळे तुमच्या भावाला ही गाठ झालेली नाही.

हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाही. हा प्रश्न खरोखरच तपासला गेला आहे, आणि तो कसा तपासला गेला हे आईंनाही कळायला हवं.

अँटिऑक्सिडंट आणि मेंदूची गाठ यांचा संबंध कुणी हवेतून काढलेला नाही. १९६० च्या दशकात जर्मनीत हर्मान ड्रुकराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की गाभण उंदरीणींना एथिलनायट्रोसोयुरिया नावाचं रसायन दिलं तर त्यांच्या पिल्लांना पुढे मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या गाठी होतात. याच कुळातली नायट्रोसो संयुगं आपल्या पोटातही थोडीफार तयार होतात. मांस टिकवायला, त्याचा रंग लाल ठेवायला जे नायट्राइट घालतात, त्यातूनही ती होऊ शकतात. मग १९७२ साली सिडनी मिरविश यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखवलं की व्हिटॅमिन सी ही क्रिया रोखतं. झालं, साखळी जुळली: हॅम-बेकन जास्त आणि फळं कमी, म्हणून मेंदूची गाठ. शंका रास्त होती. त्यात पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकलचा आणि त्यांना विझवणाऱ्या अँटिऑक्सिडंटचा विचार मिसळला, आणि व्हिटॅमिन सी, ई, कॅरोटीन ही सगळीच मंडळी संरक्षक ठरू लागली.

पहिल्या पाहण्यांत ते खरंही वाटलं. ज्यांना ग्लायोमा झाला आहे आणि ज्यांना झालेला नाही, अशा दोन्ही गटांना विचारायचं की गेल्या वर्षी तुम्ही काय खात होता. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींचं कूळ. भावाची गाठ त्याच कुळातली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात झालेल्या अशाच एका अभ्यासात (२००६) अँटिऑक्सिडंट जास्त खाणाऱ्यांत ग्लायोमा कमी दिसला. आज जाहिरातींत जे ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून येतं, ते बहुतेक अशा अभ्यासांवरून.

पण त्यात एक मोठी अडचण आहे, आणि ती तुमच्याच घरात बसून समजून घेता येईल. मेंदूच्या गाठीच्या पेशंटला आठवायचा त्रास असतो. काही जण तोवर हयातही नसतात. मग उत्तरं घरचे देतात. समजा उद्या कुणी आईंना विचारलं की मुलगा पालेभाजी किती खायचा. त्या म्हणतील, कुठली खातोय, त्याला मिळालीच नाही. शेजारच्या धडधाकट माणसाच्या आईला विचारलं तर ती म्हणेल, रोज खातो की. दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नाही. आजाराने आठवणीचा रंग बदललेला असतो, इतकंच. आणि ही दोन उत्तरं कागदावर शेजारी मांडली की ‘पालेभाजी न खाल्ल्याने गाठ’ असा निष्कर्ष तयार होतो.

म्हणून जास्त विश्वासाचे ते अभ्यास, ज्यात निरोगी माणसांचं खाणं आधी लिहून घेतलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तीन मोठ्या गटांची अशी नोंद ठेवली गेली. २००७ साली त्याचा निकाल आला. फळं, भाज्या, कॅरोटीन जास्त खाणाऱ्यांत ग्लायोमा कमी झाला नव्हता. २०१० साली सुमारे साडेपाच लाख अमेरिकी लोकांचा याहून मोठा अभ्यास छापून आला, त्यातही फळं-भाज्यांचं किंवा व्हिटॅमिन सी-ईचं संरक्षण दिसलं नाही. त्यानंतर सगळे अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीत व्हिटॅमिन सीच्या बाजूने थोडासा कल दिसतो, पण तो बराचसा त्या आठवणीवर चाललेल्या अभ्यासांतून येतो. एवढ्याशा कलावर मी कुणाच्या बायकोला दोषी धरणार नाही.

खरं कारण असतं तेव्हा ते आकड्यांत कसं दिसतं, तेही सांगते. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात डोक्यावरच्या नायट्यासाठी दहा हजारांहून जास्त मुलांना क्ष-किरण दिले गेले. ती मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या आवरणाच्या गाठी साडेनऊ पट निघाल्या, आणि ग्लायोमा अडीच पटीहून थोडे जास्त. १९८८ साली हे प्रसिद्ध झालं. याला म्हणतात धोका. डोक्याला मिळालेलं रेडिएशन आणि काही विरळ आनुवंशिक दोष, ही कारणं पक्की आहेत. बहुतेक ग्लायोब्लास्टोमांमागे यातलं काहीच नसतं. पेशी नवी होताना तिच्या डीएनएची नक्कल उतरते, त्यात चुका होतात, आणि एखाद्या माणसात त्या चुका नको तिथे साठत जातात. (मोबाइलचंही नाव कुणीतरी घेईलच. जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.)

आईंना हे पटणं अवघड आहे, मला माहीत आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात अशी गाठ विनाकारण येते, हे कुठल्या आईला सोसेल? बटाटा-भात निदान हातात धरता येतो.

आता खोक्याकडे वळू.

अँटिऑक्सिडंट गोळीतून दिली की काय होतं, याचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, दोन्ही किंवा नुसती साधी गोळी दिली. अपेक्षा होती फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याची. १९९४ साली निकाल आला, तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता, तो १९९६ च्या जानेवारीत, ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावा लागला, कारण तिथे कॅन्सर २८ टक्के वाढलेला दिसत होता. नंतर ३५ हजारांहून अधिक पुरुषांना व्हिटॅमिन ई ४०० युनिट आणि सेलेनियम देऊन पाहिलं. तुमच्या खोक्यात आहेत तीच. २०११ साली कळलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त झाला, आणि सेलेनियमने काहीच फायदा केला नाही. हे प्रयोग करणारे अँटिऑक्सिडंटचे विरोधक नव्हते. त्यांना ती उपयोगी ठरावीत असंच वाटत होतं. गाजरातलं कॅरोटीन आणि गोळीतलं कॅरोटीन शरीरात एकसारखं वागत नाही, हे त्यांनाही तेव्हा कळलं.

आणि तुमच्या भावाची गोष्ट त्याहून वेगळी आहे, कारण त्याला लाईट मिळणार आहेत. ही किरणं पेशीतल्या पाण्यावर आदळतात. त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते गाठीच्या पेशींचा डीएनए तोडतात. किरणांमुळे होणाऱ्या तोडफोडीचा दोन-तृतीयांश भाग याच वाटेने होतो. म्हणजे इथे फ्री रॅडिकल हेच आपलं हत्यार आहे. त्याच सहा आठवड्यांत फ्री रॅडिकल विझवणारी औषधं मोठ्या मात्रेत पोटात गेली तर गाठीच्या पेशींनाही आडोसा मिळू शकतो. ही नुसती भीती नाही. कॅनडात, क्यूबेक प्रांतात, डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० पेशंटांवर हे तपासलं गेलं. लाईटच्या काळात व्हिटॅमिन ई ४०० युनिट दिलं, सुरुवातीला बीटा कॅरोटीनही. त्रास थोडा कमी झाला. पण गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण त्या गटात जास्त असण्याकडे कल दिसला, आणि २००६ साली छापलेल्या निकालात व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत मृत्यूही जास्त होते. तो कॅन्सर वेगळा आहे, हे मान्य. मेंदूच्या गाठीसाठी ही गोळी बिनधोक आहे असं मात्र त्यावरून कुणालाच म्हणता येणार नाही.

खोक्यातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दोन बाटल्यांची.

पहिली व्हिटॅमिन ईची. मोठ्या मात्रेतलं व्हिटॅमिन ई रक्त गोठण्यात अडथळा आणतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात एक दिवसाआड ४०० युनिट घेणाऱ्यांना मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तुमच्या भावाच्या कवटीवरची जखम अजून दोन महिन्यांचीही नाही, आणि टेमोझोलोमाइडने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होऊ शकतात.

दुसरी कर्क्युमिनची. आमटीत घालतो ती हळद घाला, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कॅप्सूलची गोष्ट निराळी. कर्क्युमिन आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरीन घालतात. हेच पायपरीन फिनिटॉइनचं, म्हणजे तुमच्या एप्टॉइनचं, रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. एप्टॉइन असं औषध आहे की मात्रा जराशी वर गेली तरी माणूस झोकांड्या खातो, बोलणं जड होतं, डोळे फिरतात. घरचे घाबरून म्हणणार, गाठ वाढली. पुन्हा एमआरआय, पुन्हा धावाधाव. शिवाय अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या केसेस अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत, आणि टेमोझोलोमाइडही कधी कधी यकृताला त्रास देतं. उद्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं आलं तर डॉक्टरांनी दोष कशाला द्यायचा? मुख्य औषधच थांबवायची वेळ येऊ शकते.

व्हिटॅमिन सीबद्दल एवढंच की दिवसाला दोनशे-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी चढत नाही, उरलेलं लघवीतून जातं. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास असतंच. द्राक्षाच्या बियांचा अर्क भावाच्या उपचारात काही उपयोगाचा नाही, तो बाजूला ठेवा.

तेव्हा सोमवारी सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून लाईटच्या डॉक्टरांसमोर ठेवा. च्यवनप्राश, कुणी दिलेला काढा, गोमूत्र अर्क, जे काही घरात आलं असेल तेही त्याच पिशवीत. लपवू नका, ओशाळूही नका. पेशंट असलं काही घेतात हे त्यांना ठाऊक असतं, आणि विचारायला वेळ मिळाला नाही तर राहून जातं. खोकं सीलबंद असेल तर त्या बाईंना परत करा. ४,२०० रुपये मोठी रक्कम आहे. सहा आठवडे रोज इचलकरंजी-कोल्हापूर जाण्यायेण्यातच किती लागतील, बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारलं नसेल तर तेही सोमवारीच विचारून घ्या.

मग त्याला खायला काय द्यायचं? घरचंच. त्याच्या आवडीचं. पेरू, मोसंबी, टोमॅटोचं सार, मेथी, शेवग्याच्या शेंगा, एखादा आवळा, हे खुशाल द्या. जेवणातून येणारी अँटिऑक्सिडंट शरीराच्या सवयीच्या मापात असतात, लाईटच्या काळात ती बंद करायची नसतात. त्याला जास्त गरज पडेल ती प्रथिनांची: अंडी, घट्ट डाळ, दही, उसळी मऊ शिजवून, चालत असतील तर मासे. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू असेल तर भूक खवळेल आणि साखर चढेल. तेव्हा गोड बिस्किटं, सरबतं आणि तो च्यवनप्राश आवरता घ्या. साखर तपासून घ्या. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, उलटीची गोळी त्याआधी. वेळ डॉक्टर सांगतील तीच पाळा. उलटीच्या गोळीने पोट कडक होतं, म्हणून पाणी आणि भाजी हवीच. गाड्यावरची कापलेली फळं आणि उसाचा रस या काळात नको, कारण पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.

तुमच्याबद्दल आणि मुलांबद्दल. ग्लायोमा बहुतेक वेळा घराण्यात चालत नाही. सख्ख्या नातेवाइकांचा धोका दुप्पट धरला तरी मूळ आकडाच लहान आहे. अमेरिकेत वर्षाला लाखात सहाच्या आसपास माणसांना ग्लायोमा होतो. तीन-चार जवळच्या नातेवाइकांना कमी वयात वेगवेगळे कॅन्सर झाले असतील तर डॉक्टरांना सांगा, एरवी मुलांचे एमआरआय करत बसू नका. कोर्स घेऊ नका. भाज्या-फळं खा. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं मांडली आहेत. हृदय, रक्तदाब, साखर, आतडी, या सगळ्यांसाठी ती हवीत. मेंदूची गाठ टळावी म्हणून खायची नाहीत, एवढंच मनात नीट ठेवा. नाहीतर उद्या कुणाला काही झालं की पुन्हा डबाच उघडून बघाल.

आजाराच्या पुढच्या वाटचालीबद्दल तुम्ही विचारलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. तो प्रश्न मनात असेल तर तो डॉक्टरांना एकांतात विचारा. गाठीची एमजीएमटी नावाची तपासणी झाली आहे का, तेही त्या वेळी विचारा. टेमोझोलोमाइडला गाठ कितपत दाद देईल याचा अंदाज त्यातून येतो.

राहिल्या वहिनी. रोजचं नेणं-आणणं, कॅप्सूलच्या वेळा, रात्री फिट आली तर धावणं, हे सगळं त्यांच्यावर येणार आहे, आणि त्या जेवत नाहीत. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी माझ्यासारखी विचारेल की हे काय काय खातात. त्या वेळी खरं उत्तर देऊ शकेल अशी एकच व्यक्ती घरात आहे. ती भीतीने गप्प बसली तर नुकसान भावाचंच. त्यांना बाजूला घेऊन समजावण्याने भागणार नाही, कारण बोलणं सगळ्यांसमोर झालं आहे. तेव्हा रविवारी इचलकरंजीला जा, त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करा, आईंना हे पत्र वाचून दाखवा, आणि जेवायला बसाल तेव्हा सगळ्यांच्या देखत वहिनींचं पान आधी वाढा.